पटावर न आलेली मुले

गणपतीच्या दिवसांत मुंबईची माणसे कोकणात आली की पडवीत ज्या गप्पा रंगतात, त्यांत अलीकडे एक विषय हमखास निघतो. कोणाच्या तरी नातवाला बोरिवलीच्या डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितलेली असते. कोणाच्या भाचीला शाळेने एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांची, तपासणी करून आणायला सांगितलेले असते. कोणाचा मुलगा तीन वर्षांचा होऊनही दोन-चार शब्दांच्या पुढे गेलेला नसतो आणि त्याची स्पीच थेरपी चालू असते. हे सगळे ऐकून झाल्यावर घरातील एखादे वडीलधारे माणूस अडकित्त्यावरची नजर न हलवता म्हणते, "आमच्या वेळार खंय होती अशी पोरां?" उत्तर प्रश्नाच्या स्वरातच असते. हे नवे आहे, शहरातले आहे, मोबाइलमुळे आले आहे, आणि बहुधा सुनेच्या हलगर्जीपणामुळे आले आहे.

प्रश्न हेटाळणीने विचारला जात असला तरी तो प्रामाणिकपणे सोडवून पाहण्यासारखा आहे, कारण त्याचे उत्तर ज्यांनी तो विचारला त्यांच्याच आठवणीत पडून आहे. आमच्या लहानपणी मालवणच्या बाजूला आमच्या वाडीत एक गृहस्थ होते, त्यांना लहानथोर सगळे बाबल म्हणत. बोलणे तुटक, समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता बोललेले. रोजची वाट ठरलेली आणि ती कोणी अडवली तर संताप अनावर. शिमग्यात ढोल वाजू लागले की ते कानांवर हात दाबून माडांच्या बागेत जाऊन बसत. मात्र रापण लागली की दोराला पहिला हात त्यांचा असे. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी तासन् तास ओढत आणायची, असे हे सामूहिक काम. ज्याने दोर धरला त्याला मासळीत वाटा. एकच हालचाल, एकच लय, कोणाशी बोलण्याची गरज नाही. बाबल यांना याहून सोयीचे काम कोणत्याही तज्ज्ञाला शोधून देता आले नसते. त्यांचा वाटा त्यांच्या भावजयीच्या टोपलीत पडे आणि त्या घरात ते कोणाला जड झाले आहेत असे कधी ऐकू आले नाही.

तेव्हा होती, अशी मुले होती. ती मोठी होऊन दोर ओढत होती, गुरे राखत होती, काजूच्या बिया सोलत होती, देवळाची झाडलोट करीत होती. पण म्हणून जुन्या गावाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. बाबल दुसरीच्या पुढे शाळेत गेले नाहीत, कारण मास्तरांनी त्यांना पाठवू नका म्हणून सांगितले होते. त्याच वाडीत एक मुलगी होती, जिला मी अंगणाच्या पलीकडे कधी पाहिलेच नाही. मुलग्याला दोराला हात लावायला मिळाला. मुलीला माजघर मिळाले. कोकणातील घरांचा काळोख किती गोष्टी पोटात घालत असे, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण घबराट त्यांनीच उडवली आहे. वारंवार सांगितला जाणारा आकडा अमेरिकेतला आहे. तेथील रोगनियंत्रण केंद्र निवडक भागांतील आठ वर्षांच्या मुलांची पाहणी करते. 2000 साली त्यांना दर 150 मुलांमागे एक मूल ऑटिझमचे आढळले होते. 2022 च्या पाहणीत, जी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली, ते प्रमाण 31 मुलांमागे एक झाले. नुसते हे दोन आकडे एकापुढे एक ठेवले तर एखादी साथ पसरली आहे असेच वाटेल. मध्यंतरी काय बदलले, हे मात्र व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात नसते.

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वेगळी ओळख दिली. त्यानंतर कितीतरी वर्षे ऑटिझम म्हणजे त्या अकरा मुलांसारखी, स्वतःत पार बुडालेली मुले, एवढाच अर्थ धरला जात असे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत 1980 साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली. 1994 च्या आवृत्तीत, उत्तम बोलणारी पण माणसांत मिसळताना अडखळणारी मुले ॲस्पर्जर या नावाने आत आली. 2013 च्या आवृत्तीत हे सगळे एका व्यापक पट्ट्यात एकत्र केले गेले, आणि एकाच मुलाला ऑटिझम व एडीएचडी ही दोन्ही निदाने देण्याची पूर्वी नसलेली मुभाही मिळाली. कुंपण असे चारही बाजूंनी सरकवत नेले तर आतली झाडे वाढणारच. डेन्मार्कमध्ये याचा हिशोब मांडला गेला. तेथे नोंदींच्या पद्धतीत 1994 आणि 1995 मध्ये दोन मोठे बदल झाले, आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार निदानांतील वाढीपैकी सुमारे साठ टक्के वाढ त्या दोन बदलांनीच समजावता येत होती. स्वीडनमध्ये त्याच वर्षी असे दिसले की दहा वर्षांच्या काळात मुलांमधील प्रत्यक्ष लक्षणांचे प्रमाण जवळपास स्थिर राहिले, वाढली ती दप्तरी नोंद. शिवाय ज्यांना पूर्वी सरसकट मतिमंद म्हणून नोंदवले जात असे, त्यांतील कित्येक मुले आता ऑटिझमच्या रकान्यात गेली.

याचा अर्थ खरी वाढ शून्य, असा नव्हे. जिल्हा रुग्णालयांतील नवजात अर्भकांच्या विशेष कक्षांमुळे आज सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली, दीड किलोपेक्षाही कमी वजनाची बाळे वाचतात. त्यांच्यात विकासातील अडचणींचे प्रमाण अधिक असते. लग्ने उशिरा होतात, आईवडिलांचे वय वाढते, आणि त्याचाही थोडा वाटा आहे. आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा. पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून 2019 मध्ये तो ऑटिझमच्या बाबतीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास काढण्यात आला. पण जनुके काही वीस वर्षांत पाचपट बदलत नाहीत. म्हणून मी असे मानतो की वाढले ते मुख्यतः पाहणे आहे.

तसे असेल तर कोकणात चिंता कशाची करायची? माझ्या मते उलट बाजूची. आपल्याकडे आकडा फार वाढतो आहे ही अडचण नसून तो पुरेसा वाढत नाही, ही आहे. तेरेखोलच्या खाडीपलीकडचा उत्तर गोवा हा देशातील त्या पाच ठिकाणांपैकी एक होता, जिथे दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची घरोघर जाऊन बारकाईने तपासणी झाली. पलवल, कांगडा, ढेंकानाल आणि हैदराबाद ही इतर चार. सुमारे चार हजार मुलांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टी, श्रवण, अपस्मार, सेरेब्रल पाल्सीसारखे हालचालींचे विकार, वाचा, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम आणि थोड्या मोठ्या मुलांत एडीएचडी व अध्ययन अक्षमता, अशा नऊ अवस्था धरल्या तर साधारण आठ मुलांमागे एका मुलाला यांपैकी किमान एक होती. ठिकाणाठिकाणी प्रमाण बरेच वेगळे होते, तरीही हा आकडा मनात ठेवण्यासारखा आहे.

माझी धाकटी वहिनी देवगड तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिच्या पटावर पंचवीसच्या आसपास मुले असतात. वरच्या हिशोबाने त्यांत तीन मुले अशी असायला हवीत. तिच्या नोंदीत एक आहे, आणि तोही अशासाठी की त्याचा पाय जन्मतः वाकडा असल्याने कोणालाही दिसतो. वहिनीला बाकीची दोन कोण असावीत याचा पक्का अंदाज आहे. हाक मारली तरी न वळणारी एक मुलगी, आणि चार वर्षांचा होऊनही बोटाने दाखवून काही न मागणारा, आईचा हात धरून तो हवा त्या वस्तूवर नेऊन ठेवणारा एक मुलगा. तिने दोन्ही घरी विषय काढून पाहिला आहे. मुलीची आजी म्हणाली, ती हट्टी आहे. मुलाची आजी म्हणाली, "तेचो बापूस पण उशिराच बोललो." आणि हे खोटे नाही; कित्येक मुले उशिरा बोलतात आणि पुढे पंचायत समितीत भाषणे ठोकतात. अडचण अशी की कोणते मूल त्यांतले आणि कोणते नाही, हे ओटीवर बसून ठरत नाही.

सरकारी व्यवस्थेत यासाठी रस्ता आखलेला आहे, आणि त्याचा आरंभ कोकणातूनच झाला, हे फार थोड्यांना आठवत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चार गोष्टी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत शोधायच्या, असे त्याचे स्वरूप. दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे, संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे. कागदावर हे इतके नीट आहे की त्यात दोष काढायला मन धजत नाही. प्रत्यक्षात पथक एका दिवसात जितक्या मुलांना पाहते, त्यात वजन, उंची, दात, डोळे, खरूज आणि हिमोग्लोबिन यांनंतर प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे उरतात. वाकडा पाय काही मिनिटांत दिसतो. नजरेला नजर न देणे, एकट्याने चाक फिरवत बसणे, हे त्या वेळेत दिसत नाही. उलट अनोळखी डॉक्टरासमोर गप्प बसणारे मूल शहाणे समजले जाते.

म्हणूनच पथकाच्या आधी सेविकेचे म्हणणे ऐकले पाहिजे. रोज चार तास मूल तिच्यासमोर असते. प्रत्येक आईला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात मुलाने काय करावे याची चित्रे छापलेली आहेत. ते कार्ड लशींच्या तारखांसाठी जपले जाते आणि चित्रांच्या पानाकडे सहसा कोणी पाहत नाही. न वळणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर पहिली पायरी अगदी साधी आहे. कानांची तपासणी. बेरा नावाची चाचणी मूल झोपलेले असताना करता येते, त्याला उत्तर द्यावे लागत नाही. मूल बोलत नाही म्हणून ग्रामदेवतेला कौल लावणे, नवस बोलणे याला माझी हरकत नाही. घाबरलेल्या घराला कुठेतरी बसून श्वास घ्यायला जागा लागते. पण कौल उजवा पडला म्हणून कानांची तपासणी एक वर्ष पुढे ढकलली जाते, तेव्हा गेलेले वर्ष भाषा शिकण्याच्या वयातले असते आणि ते परत येत नाही.

आता सुनेच्या हलगर्जीपणाविषयी, कारण तो मुद्दा पडवीत अर्धवट सोडला आहे. या अवस्थांचा दोष आईवर टाकण्याची परंपरा कोकणातली नाही, ती जगभरची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील नामवंत डॉक्टर असे मानत की आई थंड, मायाहीन असली की मूल स्वमग्न होते. हे मत खोटे ठरेपर्यंत हजारो बायकांनी ते स्वतःवर ओढून घेतले. मग लशींचा संशय आला. 1998 मध्ये बारा मुलांवरून लिहिलेला तो लेख गैरप्रकार उघड झाल्यावर 2010 मध्ये नियतकालिकाने मागे घेतला, आणि डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या 2019 मधील अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा काहीही संबंध आढळला नाही. तरीही बाळाला लस टोचायला नेणारी आई आजही मनात धास्ती घेऊन जाते. आता पाळी मोबाइलची आहे.

मोबाइलच्या बाबतीत मात्र अधिक काळजीपूर्वक बोलले पाहिजे, कारण तो पूर्ण निर्दोष नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे सांगितले. तासन् तास गाण्यांचे व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाशी तेवढा वेळ कोणी बोललेले नसते, आणि बोलणे बोलण्यातूनच येते. त्यामुळे वाचा लांबू शकते. पण पडद्यामुळे ऑटिझम होतो, असे सिद्ध झालेले नाही. पुष्कळदा उलट घडते, मुळातच माणसांकडे कमी वळणारे मूल पडद्याकडे अधिक ओढले जाते आणि दमलेले घर त्याला तो देऊन टाकते. पडद्यामुळे दिसणाऱ्या लक्षणांना दिलेले "व्हर्च्युअल ऑटिझम" हे नाव ऐकले की मला धास्ती वाटते ती यासाठी, की मोबाइल काढून घेतला म्हणजे काम झाले असे समजून खरी तपासणी टळते. शिवाय नवरा मुंबईत, सासू बागेत आणि चूल, गोठा, नळाचे पाणी एकटीवर, अशा घरात अर्धा तास मोबाइल देणाऱ्या आईला उपदेश करण्याआधी त्या अर्ध्या तासात मूल कोण सांभाळणार, हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

अशाच घरांतील आजीवर एका वेगळ्या प्रकारे अन्याय होतो. माझ्या एका मावसबहिणीच्या नातवाला मुंबईत एका थेरपिस्टने तपासले आणि घरात एकच भाषा बोला, शाळेचीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते, असे सांगितले. मूल गावी आले तेव्हा आजीला फक्त मालवणी येत होती. तिने बोलणेच थांबवले. ती नातवाला नुसती खोबऱ्याची वडी देई आणि गप्प बसे. वास्तविक एकाहून अधिक भाषा ऐकल्याने ऑटिझम वाढत नाही आणि भाषेचा विकारही होत नाही. गाणी, ओव्या, दटावणे, लाडाची हाक, हे सगळे ज्या भाषेत सहज येते तीच त्या मुलासाठी सर्वांत श्रीमंत भाषा. एका बेजबाबदार सल्ल्याने त्या मुलाच्या दिवसातील सगळ्यांत जास्त बोलणारे माणूस मुके केले.

निदान झाल्यावरची वाट आणखी अवघड आहे. थेरपिस्ट शहरात दाटीने आहेत. सिंधुदुर्गातील माणसे गोव्यात बांबोळीला, बेळगावला, कोल्हापूरला जातात, रत्नागिरीची कोल्हापूर किंवा मुंबईकडे बघतात. पाऊण तासाच्या सेशनसाठी घाट चढून जायचे, एसटीत मूल ओरडले की लोकांच्या नजरा झेलायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि हे आठवड्यातून दोनदा करा असे सांगितले जाते. पावसाळ्यात ते साफ बंद पडते. थकलेले आईबाप मग जाहिरातींना सापडतात. ऑटिझमसाठी मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, उपचार लाखो रुपयांना विकले जातात, जरी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही आजारांपलीकडे असे उपचार प्रयोगाबाहेर करण्यास मान्यता दिलेली नाही.

दुसरा मार्ग आहे, आणि तो खाडीपलीकडेच तपासून पाहिला गेला आहे. गोव्यातील संगथ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरांसाठी एक पद्धत वापरली; तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञाची पदवी नसलेला पण नीट शिकवलेला कार्यकर्ता घरी येतो, आईबाप मुलाशी खेळत असतानाचे छोटे चित्रण करतो, आणि मग त्यांच्यासोबत बसून ते पाहतो. इथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, ते तुमच्या लक्षात आले का? इथे तुम्ही घाईने पुढचे खेळणे दिले, थोडे थांबला असतात तर? अशा बोलण्यातून आईबापांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळू लागला, आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. यात चमत्कार नाही, मूल बरे होण्याचे आश्वासन नाही. पण घाट चढावा लागत नाही.

कायदाही पूर्वीइतका कंजूष राहिलेला नाही. 1995 च्या कायद्यात सातच प्रकारच्या अक्षमता होत्या आणि ऑटिझम त्यांत नव्हता. 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत, त्यांत तो आहे आणि अध्ययन अक्षमताही आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमतेचे प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, ऑटिझमसारख्या काही अक्षमतांसाठी निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, एसटीच्या भाड्यात सवलत. वहिनीने हे सगळे तिच्या अंगणवाडीतल्या त्या न बोलणाऱ्या मुलाच्या आजीला समजावून सांगितले. आजीने शांतपणे ऐकले आणि विचारले, "ह्या कागदाचा आमी काय करूचा? तेका शिकयतलो कोण?" तिचा आक्षेप कागदाला नव्हता. नुसते नाव देऊन मोकळे होणाऱ्या माणसांचा तिला अनुभव होता.

मला वाटते तालुक्याला अशी दोन माणसे असावीत, ज्यांना खेळातून संवाद कसा वाढवायचा याचे शिक्षण मिळाले आहे आणि ज्यांचे काम घरोघर जाणे एवढेच आहे. जिल्हा केंद्रातील तज्ज्ञाने महिन्यातून एकदा त्यांची चित्रणे पाहावीत, अडलेले मूल तेवढे वर बोलवावे. हे मी वहिनीला सांगितले तेव्हा तिने वाद घातला नाही, पण तिची एक अट होती. हे काम पुन्हा सेविकेच्याच गळ्यात घालू नका. तिला आधीच पोषण ट्रॅकर ॲपवर फोटो चढवायचे असतात, आहार वाटायचा असतो, गृहभेटी द्यायच्या असतात, निवडणुका आल्या की मतदार याद्या धरायच्या असतात. माणूस वेगळा नेमा, त्याला पगार वेळेवर द्या, आणि वाड्या लांब आहेत तेव्हा दुचाकीच्या पेट्रोलचे पैसेही द्या, एवढे तिने मला लिहायला सांगितले आहे.